धानाच्या कट्ट्याला लागणारे हात कमी करा

प्रति,
पूर्व विदर्भातील धान खरेदी केंद्रे चालवणाऱ्या सहकारी संस्थांचे अध्यक्ष, संचालक व सचिव,
आणि या केंद्रांना जागा, काटा व बारदाना (रिकामी तागाची पोती) पुरवणारे अधिकारी

विषय : येत्या हंगामाआधी केंद्रावरची कट्ट्यांची (धानाच्या भरलेल्या पोत्यांची) हाताळणी बदलण्याबाबत

सप्रेम नमस्कार.

पावसाळा सरत आला आहे. हलका (लवकर पिकणारा) धान दिवाळीच्या आगेमागे कापणीला येईल, चुरणे होईल आणि केंद्रासमोर ट्रॉल्यांची रांग लागेल. एकदा रांग लागली की कोणाला मान वर करायला सवड नसते, म्हणून हे पत्र आत्ताच लिहीत आहोत. एटापल्ली, भामरागड, धानोरा, कोरची, सिरोंचा, किंवा इकडे देवरी-सालेकसाचा जंगलपट्टा, या भागातल्या केंद्रांवर हमालांची कंबर, मान, गुडघे चाळिशीच्या आत जातात. हे काम असेच असते, असे म्हणून ते सोडून दिले जाते. आमचे म्हणणे वेगळे आहे. केंद्राची मांडणी चुकलेली असते म्हणून कंबर जाते, आणि ती मांडणी महिनाभरात, तालुक्याच्या गावी मिळणाऱ्या सामानात बदलता येते.

आधी हिशेब पाहू. कट्टा ४० किलोचा, वर बारदान्याचे ६०० ग्रॅमच्या आसपास. राज्याच्या कारखाना नियमांत प्रौढ पुरुषाने एकट्याने उचलायच्या वजनाची मर्यादा ५५ किलो आणि प्रौढ स्त्रीसाठी ३० किलो आहे. त्यावरून ‘४० किलो तर मर्यादेत आहे’ असे धरून चालतात. पण ती मर्यादा एका वेळच्या वजनाची आहे. कट्ट्याला दिवसभरात किती वेळा हात लागतो, हे ती सांगत नाही.

मोजून पाहा. शेतकऱ्याची चुंगडी (त्याचे घरचे पोते) ट्रॉलीवरून खाली उतरते, हा पहिला हात. ताडपत्रीवर ओतून चाळलेला धान घमेल्याने बारदान्यात भरायचा आणि भरलेला कट्टा काट्यावर चढवायचा, हा दुसरा. काट्यावरून उतरवून शिलाईला, तिसरा. शिलाईहून थप्पीपाशी, चौथा. थप्पीवर चढवणे, पाचवा. मिलरचा (भातगिरणीवाल्याचा) ट्रक आला की थप्पीतून ट्रकवर, सहावा. दिवसाला ४०० क्विंटल खरेदी झाली तर कट्टे झाले १,०००. एका हाताला ४० टन आणि सहा हातांना २४० टनांच्या वर. आठ हमाल असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला तीस टन. हे सहाचे तीन झाले तर तीसचे पंधरा होतात आणि कट्टा मात्र चाळीसचाच राहतो.

या सहांतले चार हात जमिनीपासून सुरू होतात, आणि खरे दुखणे तिथे आहे. अमेरिकेतल्या नायोश या कामगार-आरोग्य संस्थेने १९९१ साली सुधारलेले वजन उचलण्याचे एक सूत्र आहे. त्यात सगळे अनुकूल असताना, म्हणजे ओझे अंगालगत, जमिनीपासून ७५ सेंटीमीटरवर, कंबरेला पीळ नाही, अशा वेळी २३ किलोचा आकडा धरला आहे. आता हात जमिनीपासून १५ सेंटीमीटरवर आणि ओझे अंगापासून ४० सेंटीमीटर पुढे घ्या, जे खाली पडलेल्या कट्ट्याचे हमखास असते. बाकी सगळे अनुकूल धरूनही तो आकडा १२ किलोंच्या खाली येतो. तेच ओझे कमरेच्या उंचीवर, अंगापासून ३० सेंटीमीटरवर असेल तर १९ किलो. कट्टा दोन्हींपेक्षा जड आहे. म्हणून जिथे उचलणे टळतच नाही तिथे दोघांनी, कमरेच्या उंचीवर उचलायचे. बाकी सगळीकडे कट्टा सरकवायचा, कलवायचा किंवा चाकावर न्यायचा. जमिनीवर टाकून पुन्हा उचलायचा नाही. या पत्रातले बाकी सगळे यातूनच निघते.

यात सर्वांत मोठे काम ओट्याचे. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचा तळ साधारण तीन ते साडेतीन फुटांवर असतो. २० फूट लांब, १० फूट रुंद आणि ३ फूट उंच ओटा म्हणजे ६०० घनफूट, दगडी भिंती धरून ६ ब्रासचे काम. आत मुरूम सहा-सहा इंचांच्या थरांनी, पाणी मारून, धुम्मस करून भरावा. एकदम तीन फूट भराव टाकला की पहिल्याच हंगामात ट्रॉली लागते त्या कडेला ओटा खचतो. मागच्या अंगाला ६ फूट रुंद आणि ३० फूट लांब चढ काढावा. तीन फूट उंचीला तीस फूट लांबी ऐसपैस वाटेल, पण याहून उभ्या चढावर भरलेली हातट्रॉली एकट्याने चढत नाही आणि उतरताना आवरत नाही. चढाला पावणेतीन ब्रास भराव लागेल. पृष्ठभाग खरबरीत ठेवा. घोटलेल्या सिमेंटवर सकाळच्या दवात पाय घसरतो.

ओट्याच्या दुसऱ्या तोंडाला ट्रक लागेल. ट्रकचा तळ चार फुटांच्या वर असतो, म्हणून ओटा उंच करण्यापेक्षा ट्रकची मागची चाके उभी राहतात तिथली जमीन फूटभर उतरती करा. पाणी काढायला बाजूने नाली हवीच, नाहीतर तो खड्डा बोडी (लहान तळे) होऊन बसतो. ओटा आणि ट्रक यांच्यातली फट झाकायला सहा मिलिमीटरचा चेकर्ड पत्रा, खालून दोन अँगल वेल्ड केलेले, म्हणजे तो सरकत नाही. फळी किंवा दगड ठेवून भागवू नका.

ओटा झाला की काटा कुठे ठेवायचा हे ठरते. आज बहुतेक ठिकाणी इलेक्ट्रॉनिक काटा जमिनीवर ठेवतात आणि भरलेला कट्टा त्यावर चढवतात. वीतभरच तर चढवायचा, असे वाटते. पण दिवसातून हजार वेळा, आणि तेही वाकून. त्याऐवजी ओट्याच्या कडेला पत्र्याचा हॉपर, म्हणजे धान ओतायचे मोठे नरसाळे, बसवा. त्याचे तोंड ओट्याच्या वर दीड फूट, तोंडावर लोखंडी जाळी, खाली सरकता दरवाजा. शेतकऱ्याची चुंगडी ट्रॉलीतून ओट्यावर सरकवायची, तोंड हॉपरच्या काठावर टेकवायचे आणि दोघांनी बूड वर करायचे. धान जाळीतून चाळून खाली येतो. हॉपरच्या खाली काटा खड्ड्यात बसवून त्याचे ताट जमिनीशी सपाट करायचे. बारदाना हॉपरच्या तोंडाला अडकवून काट्यावरच भरायचा. सुरुवातीला ३९ किलोंपर्यंत दरवाजा उघडा, मग बंद, आणि उरलेले टोपल्याने. बारदाना हॉपरच्या हुकांत अडकलेला असताना वजन वाचू नका. हुक थोडा भार स्वतःवर घेतो आणि काटा कमी दाखवतो, मग कट्ट्यात धान जास्त जातो. हुक सोडा, कट्टा ताटावर मोकळा उभा राहू द्या, मग वाचा. काट्याच्या खड्ड्यात भुसा आणि दाणे साचून ताट अडकते, तेव्हा दर दोन तासांनी झाडणे आणि सकाळी २० किलोच्या प्रमाणित वजनांनी पडताळणे हे ठरलेले काम असू द्या. काटा जागेवरून हलवला तर वैधमापन कार्यालयाला विचारूनच पुढे चला.

कट्ट्यात एक किलो जास्त भरण्याची सवय जिथे आहे तिथे ती मोडा. शेतकऱ्याचे नुकसान तर आहेच, त्यावर बोलायला तो समर्थ आहे. आम्ही हमालाच्या बाजूने सांगतो : हजार कट्टे, सहा हात, एकेक किलो जास्त, म्हणजे रोजचे सहा टन फुकटचे ओझे.

भरलेला कट्टा काट्यावर उभा असतो आणि त्याचे तोंड अडीच फुटांवर येते. शिलाईला हीच उंची चांगली. शिलाईचे मशीन वरच्या आडव्या पाइपाला स्प्रिंगने टांगा, नाहीतर शिवणाऱ्या बाईच्या मनगटावर ते दिवसभर लोंबकळते. इथे एका बारीक गोष्टीकडे लक्ष द्या, ती म्हणजे कट्ट्याचे कान. भरताना वर वीतभर तोंड मोकळे सोडले आणि शिवून झाल्यावर दोन्ही कोपऱ्यांना मूठभर बारदाना पिळून सुतळीचे दोन वेढे दिले की कट्ट्याला दोन कान होतात. हाताला पकड मिळते. कान नसले की माणूस बोटांची नखे तागात रुतवून धरतो, तेही जमेना की खिशातून लोखंडी आकडा काढतो. आकड्याने बारदाना फाटतो, धान सांडतो, आणि सुटलेला आकडा समोरच्याच्या हातात घुसतो. हंगामाच्या बैठकीत आकड्यावर बंदी घालणे सोपे असते, पण कान बांधल्याशिवाय ती बंदी दोन दिवसही टिकत नाही. दोन कानांना लागणारी सुतळी हातभर, वेळ दहा सेकंद. जुना, कुजका बारदाना असेल तर कान हातात येतात. तसा बारदाना ओढून पाहून आधीच बाजूला काढा.

काट्यापासून थप्पीपर्यंत हातट्रॉली. बाजारात मिळणाऱ्या दोन चाकी ट्रॉलीची चाके वीतभर आणि भरीव रबराची असतात, ती गोदामाच्या फरशीसाठी आहेत. जंगलपट्ट्यातल्या केंद्राच्या अंगणात, मुरमात आणि ओल्या मातीत, ती पहिल्या दिवशी रुततात आणि ट्रॉली कोपऱ्यात उभी राहते. मग ‘आमच्याकडे ट्रॉली चालत नाही’ असा शेरा पडतो. ट्रॉली चालते, चाक चालत नाही. तालुक्याच्या वेल्डिंगवाल्याकडून दीड इंची पाइपाची ट्रॉली करून घ्या, तिला जुन्या स्कूटरची ३.५०-१० मापाची हवेची चाके लावा, आणि खालची जीभ फूटभर लांब, पुढून चपटी ठेवा म्हणजे उभ्या कट्ट्याखाली सरकते. कट्टा उचलायचा नाही. जीभ खाली घालायची, कट्टा मागे कलवायचा आणि निघायचे. मूठ कमरेच्या उंचीवर यावी. चार ट्रॉल्या पुरतात, पाचवी पंक्चरसाठी. काट्यापासून थप्पीपर्यंत आठ फूट रुंद मुरमाचा दाबलेला रस्ता एकदा करून ठेवा, दोन ट्रॉल्या एकमेकींना ओलांडू शकतील इतका.

थप्पीचे माप पट्ट्याच्या (कट्टे वर नेणाऱ्या बेल्ट कन्व्हेयरच्या) असण्या-नसण्यावर ठरवा. आडवा पडलेला कट्टा १८ सेंटीमीटरच्या आसपास जाड असतो. आठ थर म्हणजे दीड मीटरला थोडे कमी, साधारण खांद्याची उंची. हाताने थप्पी लावायची तर आठवर थांबा. बारा-चौदा थर हाताने चढवणारे गडी आहेत हे आम्हाला ठाऊक आहे. पण तिथे कट्टा डोक्याच्या वर फेकावा लागतो, आणि फेकताना पाठीला जो पीळ बसतो त्याचे दुखणे पुढे आयुष्यभर राहते. खाली लाकडी पाट्या, त्यावर ताडपत्री. उघड्यावर असेल तर थप्पीचा चबुतरा जमिनीपासून दीड फूट उंच, नाहीतर खालचा थर ओल धरतो. ओल धरलेला बारदाना जड होतो आणि उचलताना फाटतो. १७ टक्क्यांवर ओलावा असलेला धान खरेदीत बसत नाही, पण १६ टक्क्यांचा घेतलेला धान खालच्या थरात पावसाने भिजला की हमालाच्या हातात काय येते ते कागदावर दिसत नाही. एक थर आडवा, एक उभा. कट्ट्यांची तोंडे आत. दर चार थरांनी अर्धा कट्टा आत घेऊन पायरी. ही पायरी थप्पी उभी राहायला मदत करते आणि माणसाला चढायलाही.

थप्पी उतरवताना अपघात जास्त होतात. ट्रक उशिरा येतो, ड्रायव्हर घाई करतो, आणि वर चढायचे टाळून कोणीतरी थप्पीच्या पोटातला कट्टा ओढतो. आडवे-उभे बांधलेले थर तिथेच सुटतात आणि वरचे आठ-दहा कट्टे, म्हणजे तीन-चारशे किलो, एकदम खाली येतात. वरून खाली, पायरी ठेवत ठेवत उतरवायचे, दुसरा रस्ता नाही. किडीसाठी थप्पीत विषारी गोळ्या ठेवल्या असतील तर आच्छादन काढून पुरेशी हवा खेळू दिल्याशिवाय कोणी जवळ जाऊ नये, आणि हे केंद्रप्रमुखाने लिहून सही करून द्यावे. फटीत हात घालण्याआधी काठी. साप आणि विंचू इथे नेहमीचे आहेत.

जिथे या वर्षी ओटा होणारच नाही, तिथे ट्रकवर चढायची फळी तरी नीट करा. सहा फुटांची फळी चार फूट उंच ट्रकला लावली की चढ ४२ अंशांचा होतो. पाठीवर कट्टा घेऊन तो चढणे म्हणजे शिडी चढणे. सोळा फुटांची फळी घेतली तर तोच चढ पंधरा अंशांच्या आत येतो. फळी दीड फूट रुंद, दर फुटावर आडवी पट्टी ठोकलेली, मधोमध खाली टेकू, आणि वरच्या टोकाला ट्रकच्या कडेत अडकणारे दोन लोखंडी हुक. डोक्यावर नेणाऱ्याला चुंभळ द्या, आणि कट्टा डोक्यावर देणारे दोघे असू द्या.

आता पट्टा, म्हणजे बेल्ट कन्व्हेयर. ट्रकच्या माथ्यापर्यंत, म्हणजे अकरा फुटांपर्यंत, कट्टा न्यायचा तर २२ फुटी पट्टा लागतो, कारण तीस अंशांपेक्षा उभा केला की तागाचा कट्टा मागे घसरतो, आडव्या पट्ट्या असल्या तरी. रुंदी २० इंचांहून कमी नको. मोटर तीन अश्वशक्तीची. इथे दुर्गम गावांची अडचण येते : व्होल्टेज पडलेले असते, मोटर गुणगुणते, फिरत नाही आणि तासाभरात जळते. ओव्हरलोड रिले (मोटरवर ताण आला की वीज तोडणारे उपकरण) लावल्याशिवाय पट्टा घेऊच नका, आणि जिथे लाइन भरवशाची नाही तिथे डिझेल इंजिनवर चालणारा घ्या. इंजिनाचा धूर आणि ठिणगी बारदान्याच्या विरुद्ध दिशेला वळवलेली असावी.

पट्टा घेताना तीन गोष्टी स्वतः उभे राहून तपासा. एक, भरलेला पट्टा चालू असताना बंद करून पाहा : तो जागच्या जागी थांबला पाहिजे. पट्ट्याचे उलटे फिरणे थांबवणारा खटका नसेल तर वीज जाताच वरचे चार-पाच कट्टे घेऊन पट्टा मागे पळतो आणि खाली कट्टा ठेवणाऱ्यावर येतो. दोन, खालच्या रुळावर जाळी हवी. धुळीपासून वाचायला प्रत्येकाच्या गळ्यात दुपट्टा असतो आणि तो दुपट्टा रुळात जायला क्षण लागत नाही. पट्ट्यावर काम करताना दुपट्टा तोंडाला बांधून टोके सदऱ्यात खोचायची, लोंबकळू द्यायची नाहीत. तीन, दोन्ही बाजूंनी ओढायची दोरी, जी ओढली की पट्टा बंद. याशिवाय अर्थिंग, चाकांना लाकडी ठोकळे, आणि उभा करताना वर विजेची तार नाही ना हे पाहणे. पट्टा वर केलेल्या अवस्थेत एका जागेवरून दुसरीकडे ढकलू नका. तो आधी खाली घ्या.

पट्ट्याच्या खालच्या तोंडाशी कमरेच्या उंचीचे लाकडी मेज ठेवा. मेज नसेल तर पुन्हा जमिनीवरूनच उचलून पट्ट्यावर ठेवणे आले, म्हणजे पट्टा असून नसल्यासारखा.

हे सगळे केल्यावरही एक गोष्ट चुकली तर सगळे फुकट जाईल, ती म्हणजे हमालीचा दर. हमाली क्विंटलवर मिळते. पट्टा आणि ट्रॉली आली की कोणीतरी म्हणतो, आता श्रम कमी झाले, दर कमी करा, किंवा आठांऐवजी पाच हमाल पुरेत. असे झाले की हमाल पट्टा बिघडवणार नाही, पण वापरणारही नाही, आणि ती त्याची चूक नाही. दर तोच ठेवा, संख्या तीच ठेवा, आणि हे हंगाम सुरू होण्याआधी सर्वांसमोर वाचून दाखवा. ट्रक रात्री आला तर तो सकाळी भरायचा, हेही त्याच बैठकीत ठरवा. रात्री दोन बल्बांच्या उजेडात, दिवसभराच्या कामानंतर भरलेल्या ट्रकांतच पाय मोडतात. पावसाआधी धान उचलला गेला पाहिजे, पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ताच बंद होतो, हे आम्हाला मान्य आहे. म्हणूनच मिलरच्या उचलीचे वेळापत्रक एप्रिलपासून आखा, जूनच्या पहिल्या आठवड्यात सगळे एकदम येऊ देऊ नका. केंद्रावर काम करणाऱ्यांची १९६९ च्या माथाडी कायद्याखाली नोंदणी झाली आहे का, हे संस्थेच्या दप्तरात पाहून घ्या. उन्हाळी धानाच्या खरेदीत, मे महिन्यात, काम सकाळी सहा ते अकरा आणि दुपारी चारनंतर; मध्ये सावली, पाणी, आंबील किंवा ताक, आणि जीवनरक्षक क्षाराची पाकिटे जवळ.

बायका चाळणी, झाडझूड आणि शिलाई करतात. गर्दीत त्यांना कट्ट्याला हात लावायला सांगितले जाते. ३० किलोची मर्यादा आणि ४० किलोचा कट्टा, उत्तर स्पष्ट आहे. हॉपर आणि हातट्रॉली झाली तर भरणी आणि काटा ही कामे त्या एकही कट्टा न उचलता करू शकतात, आणि त्या कामाचा दर हमालीच्या तोडीचा असावा.

सगळे एकदम जमणार नाही. तर क्रम असा धरा : या आठवड्यात सुतळीचे कान आणि आठ थरांची मर्यादा, त्याला पैसे लागत नाहीत. दसऱ्यापर्यंत काटा खड्ड्यात आणि चार ट्रॉल्या. दिवाळीआधी ओटा आणि चढ, कारण मुरमाला दबायला दहा-बारा दिवस हवेत. पट्टा उन्हाळी हंगामापर्यंत चालेल, पण त्याच्या मेजाची आणि खटक्याची अट निविदेत आत्ताच लिहा. ओट्याची उंची ठरवण्याआधी तुमच्या केंद्रावर येणाऱ्या पाच ट्रॉल्या आणि दोन ट्रक टेपने मोजून घ्या, रिकामे आणि भरलेले, दोन्ही. भरलेली गाडी दोन-तीन इंच बसते.

कळावे,
धान केंद्रांवरची भरणी, तोलाई, शिलाई, थप्पी आणि ट्रक भरणीची कामे जाणणारे आम्ही,
गडचिरोली व गोंदिया जिल्हा